बाबांच्या ४३ कॅसेटी आणि लायब्ररीतला मेकरस्पेस

कृष्णाकाठ | ४ मार्च, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय माळ्यावरचा आहे, पण मदत खरोखर हवी आहे.

डिसेंबरात सांगलीचं घर रिकामं करायला गेलो होतो. पत्र्याच्या ट्रंकेत ४३ कॅसेटी निघाल्या, व्हीएचएसच्या ४ टेपा (माझी मुंज, आतेबहिणीचं लग्न, उरलेल्या दोनांवर लेबलच नाही) आणि बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्हची पाकिटं. बाबांना टेपरेकॉर्डरचं भारी वेड. कुणी घरी आलं की चहाआधी टेप सुरू. आजीच्या ओव्या, शेजारच्या काकांची नाटकातली स्वगतं, माझे पाढे, सगळं त्यात आहे. आजी १९९१ साली गेली. तिचा आवाज मी तेव्हापासून ऐकलेला नाही.

सगळा ऐवज हातातल्या बॅगेतून अमेरिकेत आणला. (विमानतळावरच्या क्ष-किरणांनी चुंबकीय फितीला काही होत नाही, हे आधी वाचून घेतलं होतं. तरी बॅग त्या पट्ट्यावरून जाईपर्यंत जीव टांगणीला.)

आमच्या गावच्या सार्वजनिक लायब्ररीच्या तळघरात मेकरस्पेस आहे, म्हणजे हाताने काही बनवायची सार्वजनिक कार्यशाळा. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, शिलाई मशीनं, आणि एका कोपऱ्यात जुन्या माध्यमांचं टेबल: व्हीसीआर, कॅसेट डेक, एप्सनचा फ्लॅटबेड स्कॅनर, ऑडॅसिटी (आवाज उतरवायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर) टाकलेला संगणक. कार्ड असलं की फुकट, एका वेळी दोन तास. वॉशिंग्टन डीसीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१६ साली 'मेमरी लॅब' काढली, त्यानंतर बऱ्याच गावांनी असे कोपरे केले.

पहिल्याच दिवशी दोन दणके बसले. मुंजीची टेप व्हीसीआरमध्ये घातली तर चित्र वरून खाली धावतंय, रंग गायब, आडवे पट्टे. तिथली मुलगी गोड होती, पण तिने 'टेप खराब झाली असणार' म्हणून हात वर केले. मग आजीची कॅसेट लावली. आवाज आला, पण गोधडीत तोंड घालून कुणी बोलावं तसा.

टेपा खरंच गेल्या का?

रिळवाला | ५ मार्च, सकाळी ७:५०

मुंज सुखरूप आहे हो. मी डोंबिवलीत १९८६ पासून लग्नाचं शूटिंग केलं, तीन व्हीसीआर अजून घरात आहेत. तुमची टेप पाल आहे, लायब्ररीचा व्हीसीआर एनटीएससी.

आपल्याकडे १९८२ साली एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत ५२५ रेषा, साधारण ३० चित्रं. कॅसेटचं खोकं दोन्हीकडे तेच, म्हणून टेप आत जाते आणि माणूस फसतो. तुम्हाला दोन्ही पद्धती वाचणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर लागेल. नवा मिळणार नाही, जगातला शेवटचा व्हीसीआर फुनाई कंपनीने २०१६ साली बनवला आणि दुकान बंद केलं. पण तुमच्याकडच्या एखाद्या मराठी मंडळात विचारा. ज्यांची मुलं ऐंशी-नव्वदच्या दशकात तिकडे वाढली, त्यांच्या गराजमध्ये असा एक व्हीसीआर हमखास पडलेला असतो. भारतातून आलेल्या टेपा बघायला तेव्हा तोच उपाय होता.

एक सांगून ठेवतो. काही मल्टिसिस्टीम मशीनं आतल्या आत पालचं एनटीएससी करून बाहेर देतात. तो पर्याय बंद ठेवा. पाल आत, पालच बाहेर. रूपांतर करायला आता संगणक समर्थ आहे, त्या मशीनमधली चिप नाही.

आणि टेप लावण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वीस-पंचवीस वर्षं एकाच जागी बसलेली फीत थेट प्ले केली की अडखळते. हे मात्र लायब्ररीच्या मशीनमध्ये करू नका, का ते कोकणातले कुणी सांगतीलच.

रातांबा | ५ मार्च, सकाळी ९:२०

कोकणातले हजर. बुरशी!

कॅसेटच्या काचेतून बॅटरीच्या उजेडात बघा. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती टेप कुठल्याच चांगल्या मशीनमध्ये घालायची नाही. बुरशी हेडला (मशीनमधला फीत वाचणारा भाग) लागते, हेडवरून पुढच्या माणसाच्या टेपेला. लायब्ररीच्या मशीनवर तर गावभर प्रसाद. आमच्या रत्नागिरीच्या घरात चार पावसाळे बंद कपाटात राहिलेल्या टेपांपैकी निम्म्या तशा निघाल्या.

मी एक भंगारातला व्हीसीआर खास बळी द्यायला ठेवलाय. झाकण काढलेलं, फितीच्या वाटेत दोन्ही बाजूंनी मऊ, दोरे न सुटणारं कापड धरायचं आणि हळू फिरवायचं. अंगणात, तोंडाला मास्क लावून. मग हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल फार लावू नका, रबर कडक होतं.

ऑडिओ कॅसेटचं सोपं आहे. पाच स्क्रूची असेल तर उघडा, फीत दुसऱ्या स्वच्छ खोक्यात बसवा. चिकटवलेली असेल तर शिवणीवर पातीने हळूच फोडावी लागते. गुंता सोडवायला नटराजची पेन्सिल. तिचे सहा कोन देवाने त्याचसाठी केलेत.

मंद्रसप्तक | ५ मार्च, दुपारी १:०५

गोधडीतल्या आवाजाचं मी बोलतो. तीस वर्षं हाच उद्योग आहे, त्यामुळे जरा लांबेल.

आधी कॅसेटच्या तोंडाशी बघा. मधोमध तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद वाळतो आणि तुकडा पडून जातो. तो नसला की उंच स्वर जातात आणि आवाज येतो-जातो. दुसऱ्या खोक्यात फीत बदलली की काम झालं.

तो जागेवर असेल तर दोष बहुतेक ॲझिमथचा. हेडमध्ये एक बारीक उभी फट असते, ती फितीला बरोब्बर काटकोनात हवी. बाबांच्या टेपरेकॉर्डरचं हेड थोडं तिरकं असणार, म्हणजे त्यांनी केलेलं सगळं रेकॉर्डिंग त्याच तिरकेपणात झालंय. लायब्ररीचा डेक सरळ. सरळ हेडने तिरकं वाचलं की बारीक आवाज, म्हणजे 'स', 'श', 'च', टाळ, बांगड्या, सगळं पुसलं जातं. जाड आवाज तेवढा उरतो.

उपाय म्हणजे आपल्या डेकचं हेड बाबांच्या तिरकेपणाला जुळवून घेणं. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग लावलेला छोटा स्क्रू असतो. टेप चालू ठेवायची, कानाला हेडफोन, आणि स्क्रू अगदी पाव-पाव फेरा हलवायचा. ऐकताना दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐका. मोनोत चूक चटकन कळते. 'स' एकदम उजळतो ती जागा. प्रत्येक कॅसेटला जागा वेगळी, काही वेळा ए आणि बी बाजूलाही वेगळी.

हे नंतर सॉफ्टवेअरने करू म्हणाल तर नाही होत. इक्वलायझरने ट्रेबल चढवलात तर फितीची सळसळ चढेल. जे हेडने वाचलंच नाही ते ऑडॅसिटी कुठून आणणार?

लायब्ररीचा डेक उघडू देणार नाहीत, दिलं तरी उघडू नका, पुढच्या माणसाचं वाटोळं होईल. जुना दोन मोटरींचा चांगला डेक स्वतः घ्या आणि त्यांच्या संगणकाला जोडा. यूएसबीवाले ते खेळण्यासारखे प्लेअर मिळतात ते घेऊ नका, त्यांत सूर डुलतात.

सेटिंग: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह (न दाबलेली फाइल). तासाला साधारण एक जीबी होतो, आजच्या काळात चिल्लर आहे. डॉल्बी (सळसळ कमी करायची सोय) बंद. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या जागी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा, लाल दिवा एकदाही लागता कामा नये. आणि हो, सगळ्यात आधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे तोडा, म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. बाबांनी बाजारातल्या गाण्यांच्या कॅसेटीवर टेप केलं असेल तर तिथे कागदाचा बोळा किंवा चिकटपट्टी असेल, ती काढा. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर आजीवर तुमचा खोकला टेप होईल.

सी-१२० असल्या तर त्या शेवटी घ्या. त्यांची फीत ९ मायक्रॉनच्या आसपास, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. भर्रकन पुढे-मागे करू नका.

खरडपट्टी | ५ मार्च, दुपारी ३:४०

एवढा खटाटोप? दुकानात द्या, चार दिवसांत पेनड्राइव्ह हातात. ४३ कॅसेटी म्हणजे ४३ वेळा स्क्रू फिरवत बसणार का?

चिकटवही | ५ मार्च, संध्याकाळी ६:३०

@खरडपट्टी, आम्ही दिल्या होत्या दुकानात. परत आल्या त्या ६४ केबीपीएसच्या एमपीथ्री, सगळ्या 'ट्रॅक ०१, ट्रॅक ०२', आणि मूळ कॅसेटी 'साहेब, त्या टाकून दिल्या, आता काय करायच्यात'. माझे सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. दुकानं सगळी तशी नसतात, पण देताना मूळ वस्तू परत हवी आणि दाबलेली नको, वेव्ह हवी, हे लिहून द्या.

कृष्णाकाठ, निगेटिव्हबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगते. एप्सनच्या स्कॅनरमध्ये 'डिजिटल आइस' म्हणून सोय असते, ती इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ-ओरखडे शोधून बुजवते. रंगीत निगेटिव्हला झकास. पण कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं, ते इन्फ्रारेडही अडवतं, त्यामुळे यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजतं. कृष्णधवलला आइस बंद. ब्लोअरने धूळ उडवा आणि उरलेलं गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने.

मी आता स्कॅनर सोडून कॅमेऱ्यानेच करते. खाली सपाट उजेडाची पेटी, वर मॅक्रो लेन्स, कॅमेरा स्टँडला पक्का. एका रात्रीत शंभर निघतात. डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'नेगाडॉक्टर' आहे, नारिंगी झाक काढून निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करतो. नाव ऐकून हसले होते, काम बघून गप्प.

अल्बममधले फोटो चिकट पानांना धरून बसले असतील तर ओढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हळू फिरवा, सुटतात. आणि फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा. आमच्या एका फोटोमागे 'मिरज, नानांच्या घरी, पाऊस' एवढंच होतं, त्यावरून वर्ष लागलं.

बायटोबा | ५ मार्च, रात्री ११:५५

व्हिडिओच्या सॉफ्टवेअरची बाजू मी घेतो.

कॅप्चरचं डोंगल (व्हीसीआरचं चित्र संगणकात उतरवणारं छोटं यंत्र) घेतलंत तर आधी त्यात पाल निवडा: ७२० गुणिले ५७६, २५ फ्रेम. आपोआप ओळखतं यावर विश्वास ठेवू नका. स्वस्तातली काळी-पांढरी डोंगलं फ्रेम गाळतात, मग अर्ध्या तासानंतर भटजींचे ओठ एकीकडे आणि मंत्र दुसरीकडे. शक्य असेल तर मध्ये टीबीसी, म्हणजे टाइम बेस करेक्टर लावा. जुन्या टेपेच्या प्रत्येक रेषेची सुरुवात किंचित मागेपुढे होते, त्यामुळे उभे खांब नागमोडी दिसतात. टीबीसी त्या रेषा ओळीत आणतो. काही एस-व्हीएचएस डेकमध्ये तो आतच असतो. काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून नुसतं आरपार नेलं तरी सिग्नल बराच ताळ्यावर येतो.

विंडोजवर व्हर्च्युअलडबने उतरवा, चित्राचं नुकसान न करणाऱ्या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत). मी एफएफव्ही१ वापरतो, २०२१ पासून त्याचं रीतसर मानक आहे आणि अभिलेखागारं तेच वापरतात. ही झाली मूळ प्रत, हिला हात लावायचा नाही. नातेवाइकांना पाठवायची प्रत वेगळी, हँडब्रेकने करा. व्हीएचएसमध्ये एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, म्हणून हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात दिसतात. डीइंटरलेस करताना, म्हणजे ते दात काढताना, बीडब्ल्यूडीआयएफ ही पद्धत निवडा आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, २५ नको. हालचाल टीव्हीवर दिसायची तशी लोण्यासारखी दिसते.

एआयने फोरके करायचा मोह आवरा. मी केलं एकदा. आजोबांना कुणा तिऱ्हाइताचे डोळे लावून मिळाले. व्हीएचएसमध्ये मुळात आडव्या दिशेला २४० रेषांचा तपशील, बाकीचं सगळं यंत्राने मनाचं घातलेलं.

रिळवाला | ६ मार्च, सकाळी ८:१०

+१. आणि मुंजीच्या टेपेत फिरणारं हृदय, गुलाबातून उमलणारा बटूचा चेहरा वगैरे दिसलं तर ते 'खराब' म्हणून कापू नका. त्या मिक्सरचं भाडं तेव्हा तासावर असायचं!

पेठी_प्रश्न | ६ मार्च, सकाळी १०:३०

सगळं अमेरिकेचं चाललंय. आपल्याकडे अशा जागा आहेत का? की नुसतं वाचून उसासे टाकायचे?

बायटोबा | ६ मार्च, दुपारी १२:१५

मेकरस्पेस आहेत. पुणे जिल्ह्यातच पाबळला विज्ञान आश्रमात २००२ साली एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब सुरू झाली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. मुंबईत २०१३ साली सुरू झालेलं मेकर्स असायलम आता गोव्यात आहे. पण तिथे जाऊन 'व्हीसीआर कुठाय' विचारू नका. अशा जागी मिळतात अवजारं आणि डोकेबाज माणसं.

त्याचा उपयोग मोठा आहे. आमच्या डेकची प्लास्टिकची दातेरी चकती तडकली होती. व्हर्नियरने मापं घेतली, दाते मोजले, फ्रीकॅड या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली, नायलॉनमध्ये छापली. पहिल्या दोन फुकट गेल्या, तिसरी दीड वर्ष चालतेय. बेल्ट मात्र छापू नका, तो विकतच घ्या. जुन्या पुस्तकांसाठी प्लायवुडची व्ही आकाराची घोडीही तिथेच कापली: पुस्तक साधारण १०० अंशांत उघडं बसतं, पाठ मोडत नाही, दोन बाजूंना दोन कॅमेरे. मग स्कॅनटेलरमध्ये पानं सरळ करायची आणि टेसरॅक्टला मराठी निवडून मजकूर काढायचा. स्वच्छ छपाई असेल तर चांगलं वाचतो, शिळाप्रेसच्या पोथीपुढे हात टेकतो.

मंद्रसप्तक | ६ मार्च, दुपारी २:००

अवांतर पण महत्त्वाचं. ट्रंकेत ७८ आरपीएमच्या तबकड्या सापडल्या तर त्या अल्कोहोलने पुसू नका! त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एका गृहस्थांनी माझ्यासमोर एक दुर्मिळ तबकडी पुसत पुसत सपाट केली. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा थेंब, आणि सुईही जाड लागते, एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी आपटत राहते.

पेठी_प्रश्न | ६ मार्च, दुपारी ४:४५

माझं दुखणं वेगळं. आमच्या मंडळाच्या स्मरणिका १९९६ ते २००३, फ्लॉपीवर, पेजमेकर आणि श्रीलिपीत. फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन उघडली तर 'मंडळाचे अध्यक्ष' च्या जागी डॉलर, टोप्या आणि प्रश्नचिन्हं.

बायटोबा | ६ मार्च, संध्याकाळी ७:२०

फाइल सुखरूप आहे. तेव्हाचे मराठी फाँट युनिकोड नव्हते, रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फाँट नसला की खालचे डॉलर उघडे पडतात. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची मांडणी वेगळी, त्यामुळे परिवर्तकही त्या त्या फाँटचाच हवा. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी नजरेखालून घालाच, तिथेच घोळ होतो. फ्लॉपीची मात्र आधी पूर्ण इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत, करून घ्या, एकेक फाइल उघडत बसू नका. नवा धागा काढता का? इथे आजीची वाट अडेल.

कृष्णाकाठ | २९ मार्च, रात्री ११:३०

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा आहे.

रिळवाला, तुमचं भाकीत खरं ठरलं. मंडळातल्या एका काकांच्या गराजमध्ये मल्टिसिस्टीम व्हीसीआर निघाला, वर गवत कापायच्या मशीनचा पेट्रोलचा डबा ठेवलेला. मुंज पूर्ण उतरली. फिरणारं हृदय आहे. न लेबललेल्या दोन टेपांपैकी एकीवर क्रिकेटची मॅच, दुसरीवर तीच मॅच.

कॅसेटींचा हिशोब केला. सी-६० तीस, सी-९० तेरा, म्हणजे नुसत्या वाजायलाच साडेएकोणपन्नास तास. दोन तासांच्या पाळीत सामान लावायचं धरलं तर एक सी-९० जेमतेम. म्हणून डेक विकत घेतला आणि आता घरीच बसतो. १४ झाल्या. तिघींवर पांढरी भुकटी दिसली, त्या प्लास्टिकच्या पिशवीत वेगळ्या बांधून ठेवल्यात, रातांबा यांच्या पद्धतीने उन्हाळ्यात अंगणात.

मंद्रसप्तक, आजीच्या कॅसेटला स्क्रू पाऊण फेरा फिरला. 'स' उजळला त्या क्षणी मी टेप थांबवली आणि बायकोला हाक मारली. आजीच्या बोलण्यात शिट्टीसारखा 'स' होता, पुढचा दात पडल्यामुळे. हे मी साफ विसरलो होतो.

मग उत्साहाच्या भरात ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन लावलं. ओव्यांच्या मागे मोठी सळसळ होती, तिचाच नमुना घेतला, १५ डेसिबल काढून टाकली. स्टुडिओत गायल्यासारखी स्वच्छ. आत्याला व्हिडिओ कॉलवर ऐकवली. ती ८३ वर्षांची आहे. दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, "आवाज वहिनीचा... नाही, आईचाच. पण स्टोव्ह कुठं गेला?"

ती सळसळ फितीची नव्हतीच. बाबांनी स्वयंपाकघरात टेप केलं होतं, बाजूला पितळी स्टोव्ह पेटलेला. मूळ प्रत परत लावली तर सातव्या मिनिटाला भांडं उतरवल्याचा आवाज, चावी फिरवल्याची करकर, मग स्टोव्ह फुस्स करून बसतो. आजी "झाला रे चहा" म्हणते आणि पुढची ओवी सुरू.

मंद्रसप्तक | ३० मार्च, सकाळी ६:४०

वा! मग फितीच्या सळसळीचा खरा नमुना तुम्हाला तिथेच मिळाला. स्टोव्ह बसल्यानंतर आजी श्वास घेते ते दोन-तीन सेकंद निवडा, 'गेट नॉइज प्रोफाइल', आणि १५ नको, फार तर ६ डेसिबल. स्टोव्ह जागेवर राहील.

कृष्णाकाठ | ३० मार्च, रात्री ९:०५

केलं. राहिला. आत्याला पाठवलंय. तिचा प्रश्न आलाय की चहा कुणासाठी होता, मागे एक पुरुष खाकरतो तो कोण? मला तर तो खाकरा ऐकूच आला नव्हता. आता हेडफोन लावून बसतो.